रिफंड हक्काचा, भत्ता फुकटचा? सोलापूरच्या करदात्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील आयकर विवरणपत्र भरणारे पगारदार, निवृत्तिवेतनधारक, व्यापारी आणि कारखानदार यांस

विषय : करपरतावा, कुटुंबासाठीच्या करसवलती आणि बेरोजगारांना मिळणारे लाभ यांकडे पाहण्याची आपली दृष्टी

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात करसल्लागाराचे काम करतो. आपल्यापैकी अनेकांची विवरणपत्रे माझ्या किंवा माझ्यासारख्यांच्या टेबलावरूनच पुढे जातात. जुलै महिना उजाडला की नवी पेठेपासून होटगी रोडपर्यंतच्या कार्यालयांत एकच प्रश्न ऐकू येतो, तो म्हणजे रिफंड कधी येणार. हा प्रश्न विचारून खुर्चीवर टेकलेला माणूस शेजारच्याशी बोलू लागतो आणि बोलणे हमखास लाडक्या बहिणींवर, रेशनच्या मोफत धान्यावर आणि 'काम नको, भत्ता हवा' म्हणणाऱ्या तरुणांवर येऊन ठेपते. स्वतःच्या परताव्याबद्दल त्याच्या मनात जराही संकोच नसतो आणि दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेल्या दीड हजाराबद्दलचा राग मात्र त्याला आवरत नाही. सरकारी तिजोरीतून माणसाच्या खात्यावर येणाऱ्या पैशांची 'हक्काचे' आणि 'फुकटचे' अशी जी वाटणी आपण करून टाकली आहे, ती हिशेबाला टिकते का, एवढेच मला या पत्रात तपासायचे आहे. कोणत्या पक्षाने कोणती योजना मतांसाठी आणली, हा वाद मी येथे घेत नाही. तो घालायला आपल्याकडे इतर जागा पुष्कळ आहेत.

आधी रिफंडचे पाहू, कारण त्याबाबत माझे आपल्याशी पूर्ण एकमत आहे. पगारातून, ठेवींवरील व्याजातून किंवा ठेकेदाराच्या बिलातून वर्षभर कापला गेलेला कर प्रत्यक्ष देण्यापेक्षा जास्त निघाला, तर वरची रक्कम परत मिळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशभरात अशा परताव्यापोटी सुमारे ३.७९ लाख कोटी रुपये दिले गेले. त्यात सरकारचे औदार्य काही नाही. उलट व्याजाचा हिशेब मांडला तर करदात्याचीच तक्रार रास्त ठरते. आगाऊ कर भरण्यात आपण कसूर केली, तर महिन्याला एक टक्का दराने व्याज भरावे लागते. आपले पैसे सरकारकडे अडकले, तर महिन्याला अर्धा टक्का मिळते. आणि परताव्याची रक्कम एकूण ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल, तर तेवढेही मिळत नाही. याचा अर्थ असा की ज्याला आपण आनंदाने 'रिफंड आला' म्हणतो, ती बहुतेक वेळा आपणच सरकारला दिलेल्या उसन्या पैशांची फेड असते. तरीही ती जमा झाल्याचा संदेश येताच बोनस मिळाल्याच्या थाटात चाटी गल्लीकडे निघणारी मंडळी मला ठाऊक आहेत. असो, पैसा त्यांचाच आहे.

विवरणपत्रात मात्र परताव्याच्या बरीच वर आणखी एक ओळ असते आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८७अ खालील सूट त्या ओळीत येते. २०१३ मध्ये ही सूट सुरू झाली, तेव्हा पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला जास्तीत जास्त २,००० रुपये माफ होत असत. २०१९ मध्ये ती रक्कम १२,५०० झाली, २०२३ मध्ये नव्या करप्रणालीत सात लाखांच्या उत्पन्नापर्यंत २५,००० झाली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांच्या उत्पन्नापर्यंत ६०,००० रुपये माफ केले. हा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. बारा लाख करपात्र उत्पन्नावर पहिल्या चार लाखांना शून्य, पुढच्या चार लाखांना पाच टक्के म्हणजे २०,००० आणि त्यापुढच्या चार लाखांना दहा टक्के म्हणजे ४०,००० असा ६०,००० रुपयांचा कर कायद्याने रीतसर आकारला जातो आणि मग तो सगळाच्या सगळा सोडून दिला जातो. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट असल्याने पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असलेल्यालाही हीच माफी लागू होते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतील महिलेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. तेवढेच ६०,००० तिच्या खात्यावर जमा व्हायला ४० महिने लागतील, आणि आपल्याला ते एकाच वर्षी माफ होतात. पुढच्या वर्षी पुन्हा होतात.

यावर आपले उत्तर मला पाठ आहे. आम्ही कमावलेल्या पैशातून सरकारने कमी घेतले, यात सरकारने दिले काय? हा आक्षेप पोकळ नाही. घाम गाळून कमावलेल्या रकमेतून न कापले जाणे आणि न कमावता खात्यावर काही येणे यांत माणसाच्या मनाला फरक जाणवतो, तो खराही आहे. पण तिजोरीला तो जाणवत नाही. रस्त्याचा, न्यायालयाचा, सीमेवरच्या सैनिकाचा खर्च ठरलेला असतो. एकाला साठ हजार सोडले की ती रक्कम दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल करावी लागते किंवा कर्जाने उभी करावी लागते. म्हणून तर २००६-०७ पासून केंद्रीय अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे सोडून द्याव्या लागलेल्या महसुलाचे विवरण संसदेपुढे ठेवले जाते. २०२५ च्या सवलतींमुळे प्रत्यक्ष करांतील सुमारे एक लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनी भाषणातच सांगितले होते. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. एक आकडा देशाचा आहे आणि दुसरा एका राज्याचा, तिजोऱ्याही वेगळ्या आहेत, त्यामुळे त्यांची थेट तुलना करू नये हे मला कळते. मुद्दा इतकाच आहे की पहिल्या आकड्याला आपण 'मध्यमवर्गाला दिलासा' म्हणतो आणि दुसऱ्याला 'रेवडी'. आपल्या जिल्ह्यातील ऊस, द्राक्षे आणि डाळिंबांच्या मोठ्या बागायतदाराचे शेतीचे उत्पन्न कितीही असले तरी ते आयकरातून मुक्त आहे. त्याला तर आपण दिलासाही म्हणत नाही, कारण तो विषय काढण्याची कोणाची छातीच होत नाही.

आता कुटुंबाकडे येऊ. आपला आयकर कायदा माणसाला एकटा धरतो. घरात खाणारी तोंडे दोन आहेत की सात, याचा कराच्या दराशी संबंध नसतो. जुन्या प्रणालीत मुलांच्या शालेय शुल्काची वजावट आहे, आरोग्य विम्याच्या हप्त्याची आहे, आणि पगारदाराच्या मुलांसाठी शिक्षणभत्त्याची जी सूट अनेक दशके चालत आली, ती होती दर मुलामागे महिन्याला शंभर रुपये, तीही दोनच मुलांपर्यंत. या सगळ्या सवलतींना एक पूर्वअट आहे, आणि ती अशी की त्या घेण्यासाठी तुमच्याकडे आधी कर लागू होण्याइतके उत्पन्न असावे लागते. जोडभावी पेठेतल्या हमालाला किंवा कुंभारीहून येणाऱ्या विडी कामगार बाईलाही मुलांचे शुल्क भरावेच लागते, पण तिच्याकडे वजावट करायला करच नसल्याने सवलतीचा एक पैसाही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मुले वाढवण्याच्या खर्चाला सरकारने हातभार लावावा हे तत्त्व आपण मान्य केलेले आहे; ते फक्त आपल्या उत्पन्नाच्या पातळीपासून वर लागू केले आहे.

इतर देशांनी ही अडचण कशी सोडवली, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेने १९७५ मध्ये कमी मिळकतीच्या नोकरदारांसाठी अशी करसवलत आणली की देय कर शून्य असला तरी सवलतीची रक्कम परताव्याच्या रूपाने हाती पडते. माणूस काम करत असला पाहिजे ही अट आहे आणि मुलांच्या संख्येनुसार रक्कम वाढते. २०२४ या करवर्षासाठी तीन किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबाला ती जास्तीत जास्त ७,८३० डॉलर होती. मूल नसलेल्याला मात्र त्याच वर्षी जास्तीत जास्त ६३२ डॉलर मिळाले, म्हणजे ती खरोखरच कुटुंबाची सवलत आहे. जर्मनीत मुलांसाठी दरमहा भत्ता मिळतो आणि वर्षअखेरीस करकार्यालय स्वतःच तपासते की या कुटुंबाला भत्ता अधिक फायद्याचा आहे की करातील वजावट, आणि जे जास्त असेल ते देते. श्रीमंताची वजावट आणि गरिबाचा भत्ता हे एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत, हे त्या कायद्याने उघडपणे मान्य केले आहे. अमेरिकेतील अनुभव तर आपल्या चर्चेला फारच जवळचा आहे. तिथे गरिबांना मिळणाऱ्या रोख सरकारी मदतीबद्दल लोकांच्या मनात मोठा तिटकारा होता आणि १९९६ मध्ये कायदा बदलून तिच्यावर कामाच्या अटी व मुदतीची मर्यादा घालण्यात आली. पण करविवरणपत्रातून मिळणारी ही रक्कम त्या तिटकाऱ्यातून बरीचशी वाचली, कारण ती घेणारा माणूस इतर सर्वांसारखाच फॉर्म भरतो, इतर सर्वांसारखाच परताव्याची वाट पाहतो आणि शेजाऱ्यालाही 'माझा रिफंड आला' असेच सांगतो.

म्हणजे पैसा कोठून येतो याइतकेच तो कोणत्या वाटेने येतो यावरही आपले मत ठरते. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील महिलांसाठी आहे आणि कुटुंबात कोणी आयकर भरत असेल तर ती महिला अपात्र ठरते. आपण ज्या सवलती घेतो, त्यांच्या कक्षेबाहेर राहिलेली माणसेच या योजनेच्या कक्षेत येतात. कागदावर पाहिले तर ही कमी उत्पन्नाच्या कुटुंबाची करसवलत म्हणून सहज मांडता आली असती. पण तिला नाते जोडून नाव दिले गेले, निवडणुकीच्या तोंडावर ती आली, फलकांवर नेत्यांचे चेहरे झळकले आणि हप्ता जमा होणे ही ओवाळणी ठरली. माझ्या मते येथे राज्यकर्त्यांनी त्या महिलांचे नुकसान केले. जे नियमाने द्यायचे ते उपकाराच्या भाषेत दिले, की घेणारा मिंधा होतो आणि बाजूला उभा असलेला चिडतो. आपली चिडचीड त्या भाषेवर असेल, तर मी आपल्यासोबत आहे. ती त्या बाईवर असेल, तर नाही.

'पण त्या कर कुठे भरतात?' हा प्रश्न तर प्रत्येक चर्चेत येतो. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईला आणि बँकेच्या व्यवस्थापकाला एकाच दराने लागतो. ती ज्या विड्या वळते त्यांच्यावरही कर आहे. तिच्याकडे फक्त कर भरल्याचे प्रमाणपत्र नाही. आपल्याकडे फॉर्म १६ आहे, हा त्यातला फरक.

बेरोजगारीचा विषय सोलापूरकराने तरी हलक्या स्वरात काढू नये असे मला वाटते. २७ ऑगस्ट १९४९ रोजी सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, व्यवस्थापनाने बंद केली. संविधान लागू होण्याच्या काही दिवस आधी, जानेवारी १९५० मध्ये, केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि त्याचे कारण देताना अत्यावश्यक मालाचे उत्पादन घटणे आणि समाजातील एका वर्गावर गंभीर बेरोजगारी ओढवणे या दोन्ही गोष्टी नमूद केल्या. एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्ज डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने फेटाळला गेला. तीन वर्षांनी दुसऱ्या खटल्यात त्याच न्यायालयाने तो कायदा अवैध ठरवला. कायद्याच्या अभ्यासक्रमात हे दोन्ही खटले समता आणि मालमत्तेच्या हक्कांसाठी शिकवले जातात. आपल्यासाठी त्यांचा अर्थ साधा आहे. प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सोलापूरच्या बेकार कामगाराचा प्रश्न पोहोचला होता, आणि तो कामगार आळशी आहे का, असे तेव्हा कोणी विचारले नव्हते. पुढे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्याही बंद पडल्या. आपल्यापैकी कितीजणांचे आजोबा-वडील त्या भोंग्यावर उठत होते, हे मी सांगायला नको.

आज नोकरी गेलेल्या कामगाराला काय मिळते, ते पाहा. कर्मचारी राज्य विमा योजनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पंधरा हजार पगार असेल तर कामगाराचे दरमहा ११२ रुपये ५० पैसे आणि मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे, मिळून ६०० रुपये जमा होतात. या वर्गणीतून प्रामुख्याने औषधोपचार आणि आजारपणाचा भत्ता मिळतो. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली बेरोजगारीचा लाभही जोडला गेला. सुरुवातीला तो सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के होता, करोनाच्या काळात तो ५० टक्के करण्यात आला. तो मिळतो जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. गैरवर्तनामुळे नोकरी गेली असेल किंवा माणूस स्वेच्छेने निवृत्त झाला असेल, तर मिळत नाही. पंधरा हजार पगाराच्या माणसाला सारे काही सुरळीत पार पडले तर साधारण साडेबावीस हजार रुपये, सबंध आयुष्यात. कारखाना बंद पडणे किंवा कामगारकपात यांसाठी २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, तिच्या अटी आणखी कडक आहेत. घरी बसून खाण्याची सवय लागेल असे ज्याच्याबद्दल म्हटले जाते, तो भत्ता एवढाच आहे, आणि तो ज्या निधीतून येतो त्यात त्या कामगाराची स्वतःची वर्गणी असते. रिफंड जर 'आमचेच पैसे' असेल, तर हे कोणाचे?

येथे मला कारखानदार आणि मोठ्या दुकानदार बांधवांशी स्पष्ट बोलायचे आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ही विमा योजना बंधनकारक आहे. आपल्या यंत्रमाग व्यवसायात एकाच शेडमधले माग घरातल्या तीन-चार नावांवर वेगवेगळे दाखवण्याची रीत काही गुप्त नाही. असे केले की प्रत्येक नावावर कामगार दहाच्या आत राहतात आणि कायदा दाराबाहेर थांबतो. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या मागावर उभा राहणारा कामगार भविष्य निर्वाह निधीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढत आला आहे. ज्याची नोंदणीच नाही, त्याला मंदीत माग थांबले की बेरोजगारीचा कोणताही लाभ मिळण्याची शक्यता नसते. मग तो ज्या योजनेचा अर्ज मिळेल तो भरतो, आणि त्याची वर्गणी वाचवणारा मालकच माझ्या कार्यालयात बसून 'लोकांना फुकटची सवय लागली आहे' असे म्हणतो. अशा वेळी त्यांचा फॉर्म भरत राहण्यापलीकडे मी काही बोलत नाही, कारण ते माझे पक्षकार असतात. या पत्रात ती अडचण नाही.

पगारदारांना मी याच्या अगदी उलट आठवण करून देऊ इच्छितो. आपल्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. बहुतेकांना तो एक किरकोळ त्रासाचा कर वाटतो. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये लावला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील माणसे खडी फोडायला, तलावांवर आणि रस्त्यांवर माती वाहायला गेली. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. काम मागणाऱ्याला काम देणे ही राज्याची कायदेशीर जबाबदारी ठरवणारा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातील नोकरदार आणि व्यावसायिकांच्या करातून जेवढी रक्कम येईल तेवढीच राज्याने आपल्याकडून त्यात घालायची, अशी रचना होती. खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीसाठी शहरातल्या पगारदाराने कर द्यायचा, आणि तोही दुष्काळ संपल्यानंतर दरवर्षी, ही गोष्ट या राज्याने तेव्हा स्वीकारली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने पुढे देशभर काम मागण्याचा हक्क दिला आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्त्याची तरतूद केली, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. पन्नास वर्षे आपण बेरोजगारांसाठी वर्गणी भरत आहोत आणि ते आपल्याला ठाऊकच नाही. ठाऊक असते, तर कदाचित आपण तिच्या खर्चाचा जाबही विचारला असता; हजेरीपटावरच्या खोट्या नावांचा आणि महिनोन्‌महिने अडकणाऱ्या मजुरीचा जाब विचारण्याचा अधिकार आपल्याइतका कोणाला आहे?

खोट्या नावांचा विषय निघालाच आहे. लाडकी बहीण योजनेचा लाभ सरकारी नोकरीतल्या महिलांनी आणि चक्क पुरुषांनीही घेतल्याचे २०२५ मध्ये उघड झाले, आणि संतापाची लाट उसळली. ती योग्यच होती. त्याच वर्षी १४ जुलैला आयकर विभागाने बनावट वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांवर देशभरात दीडशे ठिकाणी कारवाई केली, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी सुधारित विवरणपत्रे भरून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे सांगितले. न राहिलेल्या घराच्या भाड्याच्या पावत्या, न दिलेल्या देणग्या, न घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचे व्याज, अशा या वजावटी असतात. त्याविरुद्ध शहरात कोणी संतापल्याचे मला तरी दिसले नाही. उलट त्या दिवसांत फोन येत होते ते 'आपल्याला नोटीस येईल का' एवढेच विचारायला. एका बाजूच्या खोटेपणाला आपण चोरी म्हणतो आणि दुसऱ्या बाजूच्या खोटेपणाला 'टॅक्स प्लॅनिंग'.

गरिबाकडे संशयाने पाहणाऱ्या समाजात शासनयंत्रणा काय करू शकते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तिथे २०१६ पासून बेरोजगार आणि इतर भत्ते घेणाऱ्यांनी जास्तीचे पैसे उचलले आहेत का, हे संगणकाने तपासायला सुरुवात झाली. त्यासाठी करखात्याकडची वर्षभराच्या कमाईची रक्कम पंधरवड्यांमध्ये सारखी वाटली गेली. ज्याला चार महिने काम होते आणि आठ महिने नव्हते, त्याची कमाई बाराही महिने समान दिसली, आणि बेकारीच्या काळातला भत्ता 'लबाडीचा' ठरून लाखो लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. आपल्या निर्दोषपणाचा पुरावा त्यांनीच आणायचा होता. ही वसुली बेकायदेशीर असल्याचे शेवटी सरकारला मान्य करावे लागले, पैसे परत करावे लागले आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्या योजनेवर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानाबाबत हजारो पालकांना असेच लबाड ठरवले गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणापायी संपूर्ण सरकारने राजीनामा दिला. ब्रिटनने २००३ मध्ये आणलेल्या कुटुंबाच्या करसवलतींमध्ये तर अंदाजे दिलेली रक्कम वर्षअखेर जास्त ठरून गरीब घरांकडून परत मागितली गेली. म्हणून मी असेही म्हणत नाही की सगळे काही विवरणपत्रातून दिले की प्रश्न सुटेल. यंत्रमागावरच्या माणसाची कमाई आठवड्यागणिक बदलते. त्याची पात्रता ठरवणारी यंत्रणा वर्षाच्या एका आकड्यावर चालली, तर ऑस्ट्रेलियाचा प्रकार अक्कलकोट रोडवर घडायला वेळ लागणार नाही.

म्हणून माझी विनंती तीन ठिकाणी आहे. ज्यांच्याकडे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत, त्यांनी विमा योजनेची नोंदणी ऑनलाइन होते हे लक्षात घेऊन ती या तिमाहीतच करावी, आणि एका शेडचे चार तुकडे दाखवणे थांबवावे. त्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांचे काम मी आणि माझे काही सहकारी शुल्क न घेता करून देऊ. ज्यांचे कामगार आधीच नोंदलेले आहेत, त्यांनी त्यांना एवढे तरी सांगावे की नोकरी गेल्यास बेरोजगारीच्या लाभाचा अर्ज कामगार स्वतः ऑनलाइन करू शकतो, त्यासाठी मालकाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही आणि आधार क्रमांक व बँक खाते विमा क्रमांकाशी आधीच जोडलेले असणे सोयीचे असते. आणि पगारदार व निवृत्त बंधू-भगिनींना माझे सांगणे असे की, यंदाचे विवरणपत्र भरताना परताव्याच्या आकड्याबरोबर माफ झालेल्या कराचा आकडाही माझ्याकडून किंवा आपल्या करसल्लागाराकडून मागून घ्यावा. तो कागदावर लिहून द्यायला आम्हाला अर्धा मिनिट लागतो. त्यानंतर लाडक्या बहिणींबद्दल, भत्त्यांबद्दल आपले मत आहे तेच राहिले तरी माझी हरकत नाही. फक्त ते मांडताना दोन्ही आकडे समोर असावेत.

माझ्या हिशेबात कोठे चूक आढळल्यास आकड्यानिशी लेखी कळवावे, त्याला मी त्याच रीतीने उत्तर देईन.

आपला,
एक करसल्लागार, सोलापूर